आईचा आजार मुलांना सांगावा का?

१९७९ साली मी नववीत होतो. त्या वर्षी दिवाळीच्या सुटीनंतर माझी आई दोन महिने घरी नव्हती. ‘मुंबईला मामाकडे विश्रांतीसाठी गेली आहे,’ एवढेच आम्हा भावंडांना सांगण्यात आले. वडील दर शनिवारी रात्रीच्या एस.टी.ने मुंबईस जात आणि सोमवारी पहाटे परत येत. मोठी माणसे ओसरीवर हळू आवाजात बोलत बसत व आमच्यापैकी कोणी जवळ गेले की एकदम पावसापाण्याच्या गोष्टी काढीत.

आई परत आली तेव्हा फार वाळली होती. तिचा डावा हात नीट वर होत नव्हता आणि मानेखालची कातडी भाजल्यासारखी काळवंडली होती. तिला स्तनाचा कर्करोग झाला होता, शस्त्रक्रियेनंतर कोबाल्ट-६० च्या यंत्राने किरणोपचार झाले होते, हे मला कित्येक वर्षांनी कळले. त्या वेळी कळले ते एवढेच, की शेजारच्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले, “तिच्या पेल्यातले पाणी पिऊ नकोस रे. तसला रोग लागतो.”

मी ते खरे मानले. रात्री आईच्या ताटात जेवायची मला सवय होती, ती मी सोडली. तिने पाण्याचा पेला पुढे केला की तहान नाही म्हणून सांगू लागलो. आईने चार-आठ दिवस पाहिले. मग एके दिवशी आपला पेला व ताट तिने फडताळात वेगळे ठेवले आणि ती भांडी ती स्वतःच, एका हाताने, घासू लागली. ती मला काही बोलली नाही. मलाही कोणी काही विचारले नाही.

त्यानंतर आई अकरा वर्षे जगली. पुढे मी विज्ञानाचा शिक्षक झालो आणि कर्करोग एकापासून दुसऱ्याला लागत नाही, हे शेकडो मुलांना शिकवले. ते मला नववीत कोणी सांगितले असते तर पाच मिनिटेही लागली नसती. म्हणून आज, निवृत्तीनंतर, एक मत मी स्पष्टपणे मांडू इच्छितो. आई किंवा वडील मोठ्या आजाराचे उपचार घेत असतील, तर घरातल्या मुलांना ते खरे आणि वेळेवर सांगितले पाहिजे.

लपवून काय साधते?

न सांगण्याच्या बाजूने मोठी माणसे दोन गोष्टी बोलतात. एक, मुलांची मने कोवळी असतात. दुसरी, ‘यंदा दहावीचे वर्ष आहे, अभ्यासातून लक्ष उडेल.’ दोन्हींमागे माया आहे, यात शंका नाही. परंतु न सांगितल्याने मुलाला काही कळत नाही, हे गृहीतच मुळात चूक आहे. कपाटावर ठेवलेली तपासण्यांची फाइल, आजीचे पदराने डोळे पुसणे, अवेळी येणारे फोन, मोडलेले दागिने हे सर्व मुलाला दिसत असते. आजच्या मुलाच्या हाताशी तर फोन आहे. औषधाच्या वेष्टणावरचे नाव शोधायला त्याला एक मिनिट पुरते, आणि मग जे समोर येईल ते तो एकटाच वाचतो.

विज्ञानात आपण निरीक्षणांवरून तर्क बांधतो आणि तो तपासून पाहतो. ज्या मुलाला काही सांगितलेले नाही, त्याच्याजवळ निरीक्षणे भरपूर असतात, तर्कही तयार होतो, पण तपासण्याची सोय नसते. विचारले तर ‘तू अभ्यास कर’ असे उत्तर मिळते. मग मनातला तर्कच खरा ठरतो आणि तो बहुधा वस्तुस्थितीपेक्षा भयंकर असतो. लहान मुले तर याहून पुढे जातात. आपल्या मनात आलेल्या गोष्टीमुळे बाहेर काही घडते असे लहान वयात वाटते, हे जाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले आहे. ‘मी आईशी भांडलो म्हणून ती आजारी पडली,’ असे सहा-सात वर्षांचे मूल मनाशी धरून बसते आणि कोणाला सांगत नाही.

हा केवळ माझा अनुभव नव्हे. इस्रायलमधील संशोधकांनी आई-वडिलांपैकी एक जण अखेरच्या आजारात असलेल्या मुलांची पाहणी करून १९८५ साली ती प्रसिद्ध केली. ज्या मुलांना आजाराची कल्पना दिली होती, त्यांच्यात चिंतेचे प्रमाण न सांगितलेल्या मुलांपेक्षा कमी आढळले. म्हणजे ज्या भीतीपासून वाचवण्यासाठी आपण गप्प राहतो, ती भीती गप्प राहिल्याने वाढते.

शरीरात काय चालले आहे?

सांगायचे म्हणजे तरी काय सांगायचे? केमोथेरपीचे उदाहरण घेऊ. सूत्री विभाजनाची आकृती तुम्ही वहीत काढली असेल. एका पेशीच्या दोन, दोहोंच्या चार होतात. निरोगी शरीरात या वाढीला लगाम असतो. कर्करोगात तो सुटतो आणि पेशी वाढतच राहतात. केमोथेरपीची अनेक औषधे विभाजन होत असलेल्या पेशींवर घाला घालतात. तुमच्या शाळेच्या आवारात सदाफुली असेल. तिच्यापासून व्हिनक्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही औषधे मिळतात. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे बारीक तंतू असतात. ही औषधे ते तंतू तयार होऊ देत नाहीत, त्यामुळे पेशी अर्ध्यावर अडकते व मरते. (यावरून सदाफुलीची पाने कोणी चघळू नयेत. ती विषारी असतात. औषध शुद्ध करून आणि मोजूनच द्यावे लागते.)

परंतु कर्कपेशी कोणती आणि निरोगी पेशी कोणती, हे अशा औषधाला ओळखता येत नाही. जी पेशी झपाट्याने विभाजित होते ती सापडते. केसांची मुळे, तोंडाचे व आतड्याचे अस्तर आणि हाडांतील मज्जा येथील पेशी सतत विभाजित होत असतात. म्हणून केस गळतात, तोंड येते, जुलाब होतात, रक्तातील पेशी कमी होतात. मळमळ मात्र मुख्यतः मेंदूला मिळणाऱ्या संदेशांमुळे होते आणि तिच्यावर आज चांगली औषधे आहेत.

आता मुलाच्या जागी उभे राहून पाहा. आईच्या उशीवर केसांचा पुंजका दिसला, तर आजार वाढला असेच त्याला वाटणार. वास्तविक केस गळणे हा औषधाचा परिणाम आहे, रोग बळावल्याची खूण नव्हे. उपचार संपल्यावर काही महिन्यांत केस पुन्हा येतात. डॉक्सोरुबिसिन हे औषध लालभडक असते. ते दिल्यावर एक-दोन दिवस लघवीला लालसर रंग येतो. ज्याला हे माहीत नाही, तो मुलगा न्हाणीघरात ते पाहून रक्त जाते आहे असे समजेल आणि रात्रभर जागा राहील. आधी एक वाक्य सांगून ठेवले तर ती रात्र वाचते.

लागण कोणाची कोणाला?

कर्करोगाच्या रुग्णाजवळ बसल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने, त्याला मिठी मारल्याने तो रोग लागत नाही. बाहेरून यंत्राने दिलेले किरणही रुग्णाच्या अंगात साठून राहत नाहीत. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरत नाही, तसेच हे आहे. काही उपचारांत किरणोत्सर्गी पदार्थ शरीराच्या आत दिला जातो. थायरॉइडच्या कर्करोगासाठी दिले जाणारे किरणोत्सर्गी आयोडीन हे त्याचे उदाहरण होय. अशा वेळी काही दिवस अंतर ठेवावे लागते, पण ते किती आणि कधीपर्यंत, हे डॉक्टर स्वतः सांगतात. तसेच केमोथेरपीनंतर सुमारे दोन दिवस रुग्णाच्या लघवीत व उलटीत औषधाचा अंश असतो. म्हणून ते साफ करताना हातमोजे घालावेत. हे काम लहान मुलांना देऊ नये.

खरी गोष्ट तर उलटी आहे. लागण व्हायचीच तर ती आपल्याकडून तिला होण्याची भीती असते. निरोगी माणसाच्या १ घनमिलिमीटर रक्तात साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. केमोथेरपीनंतर बहुधा सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास त्या सर्वांत कमी होतात. त्या दिवसांत आपली साधी सर्दीही तिला महागात पडू शकते. १९७९ साली मी आईचा पेला टाळला, माझे हात मात्र मातीचेच होते. पेल्याला भिण्याऐवजी मी साबणाने हात धुवायला शिकलो असतो, तर पुढे आई जेव्हा जेव्हा आजारी पडली तेव्हा तिच्या उपयोगी तरी पडलो असतो.

मुलांनी काय करावे?

ज्या विद्यार्थ्यांच्या घरी असा आजार आहे, त्यांच्याशी मला थेट बोलायचे आहे. तुम्ही विचारा. वडिलांना, मावशीला, आजोबांना, जो बोलेल त्याला विचारा. ‘मला खरे काय ते सांगा, मी सोसू शकेन,’ असे म्हणा. प्रश्न कागदावर लिहून काढा. डॉक्टरांकडे जाताना तो कागद बरोबर द्या.

हातात एखादे खरे काम घ्या. एक वही करा. तिच्यात तारीख, वेळ, ताप, घेतलेली गोळी, किती खाल्ले, काय त्रास झाला, हे रोज लिहा. प्रयोगशाळेत आपण निरीक्षणे लिहितो तशीच ही नोंद आहे. डॉक्टरांना तिचा फार उपयोग होतो. तापमापकाने ताप नीट पाहायला शिका. केमोथेरपी चालू असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइट (३८ अंश सेल्सियस) किंवा त्याहून अधिक भरला, तर ती तातडीची गोष्ट समजावी. मनानेच तापाची गोळी देऊन सकाळपर्यंत वाट पाहू नये. लगेच रुग्णालयाला कळवावे. मध्यरात्री मोठ्यांना उठवण्याचे धैर्य तुमच्याजवळ असले पाहिजे. त्यात कोणाचा जीवही वाचू शकतो.

आणखी एक काम विज्ञानाच्या विद्यार्थ्याचेच आहे. आजार कळला की घरी सल्ल्यांचा पाऊस पडतो. कोणी म्हणतो, साखर बंद करा म्हणजे गाठ उपाशी मरेल. कोणी अमक्या महाराजांचा अंगारा आणतो, कोणी ऑपरेशन केले की रोग पसरतो म्हणून घाबरवतो. वडीलधाऱ्यांशी वाद घालत बसू नका. ‘हे आपण डॉक्टरांना विचारू या,’ एवढेच नम्रपणे म्हणा. उपचारांच्या काळात रुग्णाला अन्न आणि प्रथिने अधिक लागतात. नको ते पथ्य करून तिला अशक्त करणे बरे नव्हे.

पण मुलांनी सारे घर डोक्यावर घ्यावे, असे मी म्हणत नाही. आपल्याकडे आई आजारी पडली की चूल मुलीच्या गळ्यात पडते. मुलगा शाळेत जातो, मुलगी धुणीभांडी करते आणि मग ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत तिची शाळा सुटते. हा अन्याय आहे, मग तो कितीही अडचणीत झालेला असो. कामे सर्वांनी वाटून घ्यावीत. भावाला पोळी लाटता येत नसेल तर त्याला भाताचा कुकर लावायला शिकवावे. मुलांचा खेळही थांबवू नये. आई आजारी असताना क्रिकेट खेळलो, हसलो, यात अपराध काहीच नाही.

‘आई बरी होईल ना?’

हा प्रश्न सर्वांत अवघड आहे, आणि त्याच्याच भीतीने पुष्कळ पालक विषय टाळतात. ‘हो, अगदी ठणठणीत होईल,’ असे सांगणे सोपे वाटते, पण तसे झाले नाही तर मूल पुढे कोणाच्याच शब्दावर विश्वास ठेवणार नाही. उलट आपल्याकडे ‘कॅन्सर म्हणजे कॅन्सल’ असेही लोक सहज बोलून जातात. तेही खोटेच आहे. १९४८ साली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या १६ मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध दिल्याचे प्रसिद्ध केले. त्यांतील १० मुलांना गुण आला, तोही तात्पुरताच. हे औषध आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने तयार केले होते. तेथून सुरुवात झाली, आणि आज मुलांमध्ये सर्वांत अधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग चांगल्या केंद्रांत बहुसंख्य मुलांच्या बाबतीत बरा होतो. काही कर्करोग बरे होतात, काही वर्षानुवर्षे आटोक्यात राहतात, आणि काहींपुढे वैद्यक अजून हात टेकते. खरे आहे ते हे असे आहे.

म्हणून मुलाला असे सांगावे : “डॉक्टर इलाज करत आहेत. गुण येईल अशी आम्हाला आशा आहे. नक्की काय होईल ते आज कोणालाच सांगता येत नाही. पण काही बदलले तर ते तुला बाहेरून कळणार नाही, आम्हीच आधी सांगू.” यातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि ते पाळले पाहिजे. कारण मग मुलाला दाराआड उभे राहून ऐकावे लागत नाही.

शाळेची जबाबदारी

येथे मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. मी शिकवत असताना नववीतील एक मुलगी महिनाभर गृहपाठ करीत नव्हती आणि तासाला पेंगत होती. मी तिला वर्गासमोर बोललो. ती मान खाली घालून उभी राहिली. पुढे कळले, की वडिलांना मुंबईला उपचारांसाठी नेले होते, आई त्यांच्याबरोबर होती, आणि ही मुलगी पहाटे उठून आजीचा व धाकट्या भावाचा स्वयंपाक करून शाळेत येत होती. मी स्वतः त्या वाटेने गेलेला माणूस, पण मलाही ते ओळखता आले नाही, कारण मी विचारलेच नव्हते.

अशी घरे थोडी नाहीत. २०२२ साली भारतात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले असावेत, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. पुढे ज्या तारखेला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन पाळू लागलो, तीच ही तारीख. तेथे देशभरातून रुग्ण येतात. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी एक रुग्ण आणि एक सोबती राहतात, आणि मुले गावी कोणाच्या तरी भरवशावर असतात. ती मुले आपल्याच वर्गात बसलेली असतात.

शिक्षकांनी फार काही करायचे नाही. विद्यार्थी एकाएकी गप्प झाला, गैरहजर राहू लागला, तर शिक्षेआधी एकांतात विचारावे, ‘घरी सगळे बरे आहे ना?’ कळलेली गोष्ट घरच्यांच्या परवानगीवाचून वर्गात सांगू नये. आजार कोणाला सांगायचा, हे ठरवण्याचा हक्क त्या कुटुंबाचा आहे. एका शिक्षकाने त्या मुलाकडे लक्ष ठेवण्याचे काम पत्करावे. वर्गमित्रांनी बुडलेल्या तासांच्या वह्या पोहोचवाव्यात, आणि ‘बिचारी’ हा शब्द तोंडातून काढू नये. शेजाऱ्यांनी ‘काही लागले तर सांगा’ एवढे म्हणून थांबू नये, कारण अडचणीतला माणूस सहसा सांगत नाही. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी रात्रीची भाजी-भाकरी आमच्याकडून,’ असे म्हणावे.

सरकारी व मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार, रेल्वे भाड्यातील सवलत, राहण्याची सोय यांची माहिती त्यांच्याकडे मिळते. घरातल्या कोणाला मनावरचा ताण असह्य झाला तर शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. शाळेच्या सूचनाफलकावर हे दोन आकडे कायमचे लिहून ठेवायला खडूचा एक तुकडा पुरेल.

वैज्ञानिक दृष्टी म्हणजे केवळ ग्रहताऱ्यांचे आणि अणूंचे ज्ञान नव्हे. आपल्याच घरात जे घडते आहे, ते न घाबरता पाहणे, विचारणे आणि खरे तेच बोलणे, ही तिची पहिली कसोटी आहे. तुमच्या घरी अशी वेळ आलीच तर वेगळा पेला ठेवण्याची पाळी आईवर येऊ देऊ नका. तिच्या शेजारी बसा, हात स्वच्छ धुऊन तिच्या ताटात जेवा, आणि तिला विचारा, ‘आज कसे वाटते आहे?’